शेकरूसाठी झाडं की वायतुऱ्यासाठी मोकळा सडा? एका गावाच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, घाटमाथ्यालगत वसलेलं हे एक छोटं गाव. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, कारण काही विषय अजून ग्रामसभेपुढे आहेत. गावाच्या वर जांभ्याचा सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट, उघडं कातळी पठार, आणि खालच्या उतारावर दाट रान. रानात जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, उंबर अशी झाडं एकमेकांत फांद्या गुंतवून उभी आहेत. सडा उन्हाळ्यात पाहिला तर काळपट तांबडा कातळ आणि वाळकं गवत, एवढंच. पाऊस लागला की कातळाच्या खोलगट भागांत वीतभर, कुठे गुडघ्याला येईल इतकं पाणी साठतं आणि थंडी सरता सरता आटून जातं.

या गावात दोन जीव असे आहेत की ज्यांच्यासाठी लांबून माणसं येतात. रानात शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, दीड-दोन किलो वजनाची, तांबूस पाठीची, लांब झुबकेदार शेपटीची मोठी खार. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं तेही प्रामुख्याने तिच्याच नावाने. वर सड्यावर, पावसाळ्यापुरत्या त्या डबक्यांत, वायतुरा फुलतो. पाण्यातून एक दांडा वर येतो, टोकाला दोन फाटे फुटतात आणि दोन्ही फाट्यांवर फिकट जांभळट-गुलाबी बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. या वनस्पतीला 1980च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय नाव मिळालं, तेही साताऱ्यावरून. जगात ती फक्त उत्तर सह्याद्रीतल्या काही सड्यांवर सापडते.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती होती. 2002च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असावी लागते. समितीची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जिवांची नोंद ठेवणारी वहीही तयार झाली होती. त्या नोंदवहीत शेकरूला दीड पान होतं. वायतुऱ्याची नोंदच नव्हती, कारण माहिती गोळा करण्याचं काम मार्च-एप्रिलमध्ये झालं होतं.

अडचण

सुरुवात एका शेकरूच्या मृत्यूने झाली. गावाकडे येणारा रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडं गेली आणि रानाच्या छतात साधारण चाळीस फुटांची फट पडली. शेकरू झाडावरून झाडावर वीस फुटांपर्यंत उडी मारतं. चाळीस फूट त्याच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे ते खाली उतरून रस्ता ओलांडू लागलं आणि एका सकाळी गावातल्या कुत्र्यांनी त्याला गाठलं. शाळेची मुलं त्याच वाटेने जात होती. तो प्रकार सगळ्यांच्या मनाला फार लागला.

त्याच महिन्यात एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून वृक्षलागवडीसाठी पैसे देण्याचा प्रस्ताव आला. दोन्ही गोष्टी जुळल्या. ‘शेकरू वन’ करायचं ठरलं. जागा कुठली, तर सडा. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, कुणाची शेती नाही, सगळं मोकळं, आणि जेसीबी थेट वर जातो. 2019च्या 33 कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेनंतर मोकळी जागा दिसली की खड्डे मारायचे ही सवय राज्यभर रुजली आहे. इथेही कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मे महिन्यात खड्डे मारायला सुरुवात झाली.

आक्षेप दोन ठिकाणांहून आला. सड्यावर म्हशी घेऊन जाणारे एक गवळी धनगर आजोबा पंचायतीत येऊन म्हणाले, “तिथं कातळ फोडला की पाणी खाली जातंय बघा. माझी गुरं दिवाळीपतोर तिथंच पाणी पित्यात.” त्याच आठवड्यात गावातली, साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी सुट्टीला घरी आली. आदल्या ऑगस्टमध्ये काढलेले वायतुऱ्याचे फोटो तिने सरपंचताईंना दाखवले. जिथे जेसीबी उभा होता, तिथलेच ते फोटो होते. सरपंचताईंनी काम थांबवलं आणि समितीची बैठक बोलावली. त्या बैठकीपासून मी समितीला मदत करत होतो.

दोघांची तुलना कशी करायची

पहिल्या बैठकीत तुलना सरळ गुण देऊन झाली. राज्यप्राणी आहे का, पर्यटक येतील का, शाळेतल्या मुलांना ओळखता येतं का, कायद्याचं संरक्षण आहे का. सगळ्यात शेकरू पुढे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र त्याच्यावर आहे, वायतुऱ्याला तसं कुणी वाली नाही. एक सदस्य तर स्पष्टच म्हणाले, “फूल दरवर्षी येतंच की. मेलेलं जनावर परत येत नाही.”

हे वाक्य तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. आम्ही पुढचे काही दिवस त्याच वाक्यावर घालवले आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं. कारण नीट पाहिलं तर या गावापुरतं खरं नेमकं उलट होतं.

शेकरू भारताच्या बऱ्याच जंगलांत आहे. सह्याद्रीत आहे, मध्य भारतात आहे, पूर्व घाटात आहे. धोक्यातल्या जिवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत त्याचा गट ‘कमी चिंता’ असा आहे. याचा अर्थ त्याला धोका नाही असा होत नाही. रानाचे तुकडे पडतील तिथून ते नाहीसं होतंच. पण त्याची गरज आपल्याला नेमकी सांगता येते. त्याला सलग छत लागतं. ते जवळजवळ सगळं आयुष्य झाडावरच काढतं. घरटं बांधतं तेही काड्या-पानांचं, मोठं, गोलसर, आणि फांदीच्या अशा बारीक टोकाला की जड शिकाऱ्याला तिथवर जाता येऊ नये. एकाच घरट्यावर ते भागवत नाही. आपल्या हद्दीत चार-सहा ठिकाणी घरटी करून ठेवतं. खायला फळं, फुलं, बिया, कोवळी साल, कधी किडे आणि पक्ष्यांची अंडीही. मागच्या पायांनी फांदी पकडून उलटं लोंबकळत, शेपटीने तोल सांभाळत, पुढच्या दोन्ही पंजांत उंबर धरून ते खात असतं तेव्हा ध्यानात येतं की या शरीराची सगळी घडण फांद्यांसाठी झाली आहे. जमिनीवर ते अवघडून, टप्प्याटप्प्याने चालतं. रस्त्यावर कुत्र्यांना सापडलं ते म्हणूनच.

वायतुऱ्याची गोष्ट वेगळी. तो जागेला खिळलेला आहे. जमिनीखाली त्याचा लहानसा कंद असतो. डबकं आटलं की वरचं सगळं वाळून जातं आणि तापलेल्या कातळावरच्या बोटभर मातीत तो कंद पुढच्या पावसापर्यंत निपचित पडून राहतो. जूनमध्ये पाणी साठलं की लांबट पानं फुटतात, जुलै-ऑगस्टमध्ये तुरा येतो. या सगळ्याला एक विशिष्ट डबकं लागतं. पाणी उथळ हवं, पण काही महिने टिकायला हवं, आणि उन्हाळ्यात पूर्ण आटायलाही हवं. बारमाही खोल पाणी झालं की उंच पाणगवत आणि इतर वनस्पती येऊन त्याला दाबतात. कातळाला चीर गेली तर पाणी टिकतच नाही. वर सावली आली, पाचोळा साचला, तरी डबक्याचा स्वभाव बदलतो. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू ही सड्यावरची मंडळीही अशाच ओल्या, उघड्या, निकस जागेला सरावलेली आहेत. निकस जमीन हा तिथला दोष नाही, त्या जीवांची गरज आहे. कास पठारावर साडेआठशेच्या आसपास फुलझाडं सापडतात ती अशाच पातळ मातीवर. 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात या कातळाच्या परिसंस्थेचा वाटा मोठा आहे.

मग समितीने नव्याने दोन प्रश्न मांडले. या जिवाची जागा आपण बिघडवली तर तो दुसरीकडे जाऊ शकतो का? आणि बिघडवलेली जागा आपल्याला पुन्हा करून देता येते का? शेकरूच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर काही प्रमाणात हो असं आलं, दुसऱ्याचंही हो, पण पंधरा-वीस वर्षं धीर धरला तर. वायतुऱ्याच्या बाबतीत दोन्ही उत्तरं नाही. फुटलेल्या कातळाचं डबकं कुणालाही पुन्हा जोडता येत नाही.

याच चर्चेत तिसरी गोष्ट उघड झाली आणि तिने बैठकीचा सूरच बदलला. सड्यावर लावलेली झाडं शेकरूच्या उपयोगाची नव्हतीच. सड्यावरची माती बोटभर, वारा प्रचंड. तिथे जगली तर ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी काटक परदेशी झाडं जगतात. जांभूळ-हिरडा जगले तरी खुरटे राहतात आणि खालच्या रानाच्या छताशी त्यांचा सांधा कधीच जुळत नाही. ज्या फटीमुळे शेकरू मेलं ती फट खाली रस्त्यावर होती, आणि पैसा वर जात होता.

पुढे असलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले. सड्यावरची लागवड ठरल्याप्रमाणे पूर्ण करणं हा पहिला. पैसे हातात होते, रोपं ठरलेली होती, देणाऱ्यांना फोटो हवे होते. दुसरा, सगळंच थांबवून पैसे परत करणं. यात फूल वाचलं असतं, पण रस्त्यावरची फट तशीच राहिली असती आणि गावाला पुन्हा निधी मिळणं अवघड झालं असतं. तिसरा पर्याय, लागवड रस्त्याच्या दोन्ही कडेला करणं आणि रोपांना उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून सड्यावरचं मोठं डबकं खोल करून तिथून पाइप खाली आणणं. चौथा, नव्या रोपांवर फारसं न विसंबता रस्त्याकडेला उरलेल्या बुंध्यांना फुटू देणं आणि तोवर शेकरूला ओलांडायला वरून काहीतरी सोय करणं.

तिसरा पर्याय फार आकर्षक होता. शेकरूसाठी झाडं, झाडांसाठी पाणी, गुरांनाही बारा महिने पाणी. बहुतेक सदस्य त्याच बाजूचे होते. पण जे डबकं खोल करायचं ठरत होतं, वायतुरा सर्वांत दाट तिथेच होता. खरा पेच इथे होता. इथे दोन्ही जीव समोरासमोर आले.

निर्णय

निर्णय फिरला तो त्या धनगर आजोबांमुळे आणि वनरक्षकांमुळे. आजोबांचं म्हणणं होतं की डबकं खोल केलं तर तळातली चिकण माती जाईल आणि पाणी टिकण्याऐवजी मुरेल. सड्यावर पूर्वी एका ठिकाणी तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. ते खोदलेलं कोरडं तळं त्यांनी सगळ्यांना नेऊन दाखवलं. वनरक्षकांनी रस्त्याकडेचे बुंधे दाखवले. जांभूळ, अंजनी आणि काही हिरड्यांना तोडल्यानंतरही जोमदार फुटवे आले होते. मुळं जुनी आणि खोल, त्यामुळे त्यांना वरून पाणी घालायची गरजच नव्हती. गरज होती ती दरवर्षी होणारी छाटणी आणि शेळ्यांचं तोंड चुकवायची.

त्यामुळे चौथा पर्याय स्वीकारला गेला. ठराव लिहिताना एक वाक्य सरपंचताईंनी आग्रहाने घालायला लावलं. सड्याचा उल्लेख ‘पडीक जमीन’ असा न करता ‘पावसाळी पाणथळ आणि चराऊ जमीन’ असा करावा. ठराव नुसता बैठकीत होऊन चालणार नव्हतं. उद्या सरपंच बदलले की कागद महत्त्वाचा ठरतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

निधी देणाऱ्यांशी बोलणं सोपं गेलं नाही. त्यांच्या कागदांत रोपांची संख्या हीच यशाची मोजपट्टी होती. शेवटी त्यांनी कमी रोपं आणि जास्त वर्षांची देखभाल हे मान्य केलं. निधी मात्र कमी झाला.

प्रत्यक्ष काम

रस्त्याच्या त्या टप्प्यावर प्रत्येक फुटणाऱ्या बुंध्यावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले, म्हणजे झाड झुडूप न होता उंच जाईल. काट्यांचं कुंपण घातलं. जिथे विजेच्या तारा वरून जातात तो भाग सोडून दिला, कारण तिथे फांद्या वाढल्या की छाटल्या जाणारच. मधल्या रिकाम्या जागी रानातूनच आणलेल्या बियांची उंबर, जांभळाची थोडी रोपं लावली.

फांद्या भेटायला वर्षं लागणार, म्हणून तोवर दोन जुन्या झाडांमध्ये रस्त्यावरून दोरखंडाचा पूल बांधला. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल बांधलेले आहेत, त्यावरून कल्पना घेतली. दोर झाडाला आवळून बांधला तर साल कापते आणि झाड मरतं, म्हणून बुंध्याभोवती रबराचे पट्टे घालून त्यावर गाठ घेतली. गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी करायचंही ठरलं होतं. ते अर्धवटच झालं.

सड्यावर मारलेले खड्डे ही डोकेदुखी होती. काही खड्डे डबक्यांच्या अगदी काठावर होते आणि पहिल्या पावसात उकरलेली माती वाहून थेट पाण्यात जाणार होती. मे संपायच्या आत ती माती घमेल्यांनी परत खड्ड्यांत भरली आणि वर दगड रचले. यंत्र पुन्हा वर न्यायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. महिला बचतगटाच्या बायकांनी हे काम मजुरीवर केलं.

चराईबद्दल वेगळी चर्चा झाली. काहींना सड्याला तारेचं कुंपण हवं होतं. कासला कुंपणानंतर गवत माजल्याची आणि पुढे ते कुंपण काढल्याची गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हशी आणि गुरं गवत खाली ठेवतात, म्हणून चराई बंद केली नाही. फुलोऱ्याच्या आठवड्यांत सर्वांत दाट डबक्यात म्हशी बसवायच्या नाहीत, एवढंच आजोबांनी आपणहून मान्य केलं.

काय झालं

पहिल्या पावसाळ्यात न खणलेल्या डबक्यांत वायतुरा नेहमीसारखा आला. खड्ड्यांलगतच्या डबक्यांत गाळ साचला होता. तिथे पानं आली, तुरे अगदी विरळ. दुसऱ्या वर्षी त्यातल्या काहींत सुधारणा दिसली. एका डबक्याचा कातळ मात्र जेसीबीच्या दातांनी फुटला होता. पाऊस थांबला की त्यातलं पाणी काही दिवसांत उतरतं. तिथे वायतुरा परतलेला नाही, आणि परतेल असं मला वाटत नाही.

दोरखंडाच्या पुलावरून आधी वानरं गेली. शेकरूने बराच काळ त्याकडे पाहिलंही नाही. त्याला दोरीपेक्षा फांदी जवळची. पुढे दोराच्या बाजूने वेली सोडल्या, कारण रानात वेलींवरून ये-जा करण्याची त्याला सवय असते. त्यानंतर शाळेतल्या गुरुजींनी एका सकाळी ते दोरावरून पलीकडे जाताना पाहिलं. तिसऱ्या वर्षाअखेर रस्त्याच्या एका वळणावर अंजनी आणि जांभळाच्या फांद्यांतलं अंतर शेकरूच्या उडीत बसेल इतकं कमी झालं होतं. त्या काळात कुत्र्यांनी आणखी एक शेकरू मारलं, पण ते या टप्प्यावर नव्हे, खाली गावाजवळ.

नोंदवही नव्याने लिहिली गेली. या वेळी पावसाळ्यात. त्यात वायतुऱ्यासोबत सड्यावरच्या इतर फुलांची, बेडकांची आणि डबक्यांच्या जागांची नोंद आली. नकाशा त्या विद्यार्थिनीने आणि आजोबांनी मिळून काढला.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदवही उन्हाळ्यात एका फेरीत उरकली नसती तर सड्यावर जेसीबी चढलाच नसता. पावसाळी जिवांची नोंद पावसाळ्यातच व्हायला हवी. पानं भरण्यापुरती नोंदवही केली की तिच्यावर बेतलेले निर्णयही तसेच आंधळे होतात.

दुसरं, निधी येण्याआधी गरज लिहून ठेवायला हवी होती. ‘शेकरूला रस्ता ओलांडता येत नाही’ हे एक वाक्य कागदावर असतं तर लागवडीचा प्रस्ताव आल्या आल्या कुणीतरी विचारलं असतं की सड्यावरच्या झाडांनी रस्ता कसा ओलांडला जाणार.

तिसरं, कुत्र्यांचं काम अर्धवट सोडायला नको होतं. शेकरूच्या जिवाला तातडीचा धोका तोच होता आणि त्यावरचा खर्चही फार नव्हता. पण कुत्री गावातल्या घरांची आहेत, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलणं झाड लावण्यापेक्षा अवघड जातं. इथे समितीने बाहेरच्या माणसाला, मला किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना, पुढे करायला हवं होतं.

तुलनेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. शेकरू मोठं की वायतुरा मोठा, या प्रश्नात शिरलं की जो दिसायला ठसठशीत आणि ज्याला डोळे आहेत तो जिंकतो. गावाने विचारलेले ते दोन प्रश्न बाकी सगळ्या गुणांच्या तक्त्यांपेक्षा कामाचे ठरले. ते जिवांच्या किमतीबद्दल नव्हते, आपण करणार असलेल्या कामाबद्दल होते.

सध्या ग्रामसभेपुढे सड्याच्या दक्षिण टोकाला पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा सपाट करण्याचा अर्ज आहे. त्या टोकाला डबकी कमी असली तरी वरचं पाणी तिथूनच मधल्या भागात उतरतं. समितीने अर्जदाराला पुढच्या ऑगस्टमध्ये, पाणी भरलेलं असताना, जागेवर सोबत येण्याचं पत्र दिलं आहे. तोवर परवानगीचा विचार होणार नाही.